रक्तातले लोह आणि साठ्यातले लोह

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले दोन-तृतीयांश तांबड्या रक्तपेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये कामाला लागलेले असते. थोडे स्नायूंत आणि विकरांत असते. उरलेले यकृत, प्लीहा आणि हाडांतल्या मगजात राखीव असते. हा राखीव साठा पुरुषात १ ग्रॅमपर्यंत भरतो. पाळी येणाऱ्या स्त्रीत तो ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि लागोपाठ बाळंतपणे झालेल्या स्त्रीत पुष्कळदा जवळजवळ शून्य असतो. नंदुरबार जिल्ह्यात धानोऱ्यापासून सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत ‘रक्त कमी आहे’ हे निदान घरोघरी ऐकू येते. त्या निदानामागे बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबाची हिमोग्लोबिन तपासणी असते. ती कामातल्या लोहाबद्दल सांगते. साठ्याबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि गोळ्या किती दिवस घ्यायच्या, कोणी घ्यायच्या, कोणी विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, हे सारे साठ्यावरच ठरते.

शरीर लोह मोकळे ठेवत नाही. मोकळे लोह पेशींत सतत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडले की अत्यंत आक्रमक मूलके निर्माण होतात. ती पेशींची आवरणे आणि डीएनए फाडतात. शिवाय रोगजंतूंनाही वाढायला लोह हवे असते. म्हणून रक्तातून नेताना लोह ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनाला बांधलेले असते. त्याचा एक रेणू लोहाचे जास्तीत जास्त दोन अणू वाहतो. पेशीत पोचलेले आणि लगेच न लागणारे लोह फेरिटिनमध्ये बंद होते. व्हिलेम लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन वेगळे केले.

फेरिटिन हा २४ प्रथिनसाखळ्यांनी बनलेला पोकळ गोल आहे. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे १२ नॅनोमीटर, आतल्या पोकळीचा सुमारे ८. एका गोलात लोहाचे ४,५०० पर्यंत अणू मावतात. साखळ्या दोन प्रकारच्या असतात. ‘एच’ साखळी आत येणाऱ्या लोहाचे ऑक्सिडीकरण करून त्याला निरुपद्रवी रूप देते. ‘एल’ साखळीमुळे ते लोह पोकळीत गंजासारख्या खनिजाच्या बारीक कणांच्या रूपात साचते. हृदय व मेंदूसारख्या अवयवांत ‘एच’ साखळ्या अधिक, तर यकृत आणि प्लीहा या दीर्घकाळ साठवणाऱ्या अवयवांत ‘एल’ अधिक. लोहाची गरज पडली की एनसीओए-४ हे दुसरे प्रथिन फेरिटिनचे गोल पेशीतल्या पचनकोशांकडे नेते. तिथे प्रथिन विरघळते आणि लोह सुटे होते. पेशीत लोह वाढले की फेरिटिनची निर्मिती वाढते आणि घटले की थांबते. साठा फारच वाढला तर फेरिटिनचे मोडके गोल एकमेकांत गोळा होऊन हिमोसिडेरिन नावाचा ढिगारा बनतो. त्यातले लोह परत मिळवणे शरीराला जड जाते.

ही व्यवस्था माणसापुरती नाही. जिवाणूंमध्ये फेरिटिन असते आणि वनस्पतींमध्येही असते. उडीद, तूर, हरभरा यांच्या दाण्यांतही लोहाचा काही भाग फेरिटिनमध्येच बांधलेला असतो; कोंब फुटताना रोपटे तो वापरते.

रोजचा हिशेब पाहिला की साठ्याचे मोल कळते. नव्या रक्तपेशी घडवायला दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून शोषले जाते ते फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचे जुन्या रक्तपेशींतून परत मिळते. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. मग प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला मोडतात आणि तिचे लोह पुन्हा वापरात आणतात. त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह जाते, तेवढे अन्नाने भरून निघते. पण जादा लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची कोणतीही वाट शरीराला नाही. या एका गोष्टीवर पुढचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

बाहेर वाट नसल्यामुळे सगळा पहारा प्रवेशद्वारावर असतो. यकृत हेप्सिडिन नावाचे २५ अमिनो आम्लांचे छोटे संप्रेरक तयार करते. आतड्याच्या आणि भक्षक पेशींच्या कडेला असलेल्या फेरोपोर्टिन या दारातून लोह रक्तात उतरते. हेप्सिडिन ते दार बंद करते. साठा भरला की हेप्सिडिन वाढते. साठा रिकामा झाला की ते घटते आणि शोषण वाढते. मात्र ताप, जंतुसंसर्ग किंवा दीर्घकाळची सूज असेल तरीही हेप्सिडिन वाढते. जंतूंना लोह मिळू नये यासाठी शरीराने केलेली ही नाकेबंदी असते. मलेरिया, क्षयरोग किंवा वारंवार होणाऱ्या संसर्गात लोह साठ्यातच अडकून पडते, रक्तपेशींपर्यंत पोचत नाही, आणि गोळी घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. अशा वेळी आधी संसर्गावर उपचार करावा लागतो.

लोह कमी पडू लागले की शरीर प्रथम साठा वापरते. हिमोग्लोबिन बराच काळ ठीक राहते. डब्यात पीठ दिसत असते तोवर कणगीचा तळ लागल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. साठा संपल्यावर ट्रान्सफेरिन रिकामे फिरू लागते, आणि हिमोग्लोबिन उतरते ते शेवटी. म्हणजे ज्या दिवशी तपासणीत रक्त कमी निघते, त्या दिवशी लोहकमतरता नवी नसते. थकवा, धाप, कामात लक्ष न लागणे, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही लक्षणे त्याआधीपासून असू शकतात. माती खाणाऱ्या बाईला किंवा मुलाला रागावण्यापेक्षा तपासणीला नेणे अधिक उपयोगी.

साठ्याचा अंदाज रक्तातल्या फेरिटिनच्या तपासणीने येतो. पेशींतले थोडे फेरिटिन रक्तद्रवात पाझरते. निरोगी माणसात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम फेरिटिन म्हणजे साधारण ८ ते १० मिलिग्रॅम साठवलेले लोह, असा ढोबळ हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांत १५ आणि पाच वर्षांखालील मुलांत १२ मायक्रोग्रॅमच्या खाली फेरिटिन गेले तर लोहकमतरता मानावी. संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन आपोआप चढते, म्हणून तेव्हा प्रौढांसाठी ७० आणि लहान मुलांसाठी ३० ही मर्यादा धरतात. तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाचे फेरिटिन ‘नॉर्मल’ आले म्हणून साठा भरलेला आहे असे समजू नये. तपासणी ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी करावी, नाहीतर सोबत सूज मोजणारी सीआरपी तपासणी करावी. फेरिटिनची तपासणी उपकेंद्रावर होत नाही, आणि प्रत्येकाला तिची गरजही नाही. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असेल, वारंवार रक्त चढवले गेले असेल, तर मात्र ती डॉक्टरांना सांगून जरूर करून घ्यावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हे आकडे हिमोग्लोबिनचे आहेत. त्याआधी २०१६–१८ मध्ये देशभर झालेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मुलांचे फेरिटिनही मोजले गेले. एक ते चार वयोगटात ४१ टक्के मुलांना रक्तक्षय होता, तर लोहकमतरता ३२ टक्के मुलांत होती. दोन्ही आकडे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. फोलेट व बी-१२ ची कमतरता, संसर्ग, जंत, सिकलसेल, थॅलेसेमिया यांनीही रक्त कमी होते. म्हणून प्रत्येक फिकट चेहऱ्यावर लोहाची गोळी हा एकच उपाय नव्हे. पण बहुतेकांसाठी पहिला उपाय तोच आहे, हेही तितकेच खरे.

साठा कुठून गळतो ते शोधायला हवे. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या स्त्रीचा साठा आहाराने भरून निघत नाही. अशा स्त्रीने ‘अंगावरून जास्त जाते’ हे आरोग्य सेविकेला स्पष्ट सांगावे; त्यावर उपचार आहेत. अनवाणी पायांनी ओल्या शेतात काम करणाऱ्यांना अंकुशकृमी होतात. ते पायाच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यातल्या मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला ०.२ मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो. पोटात असे शंभर कृमी असतील तर रोज २० मिलिलिटर रक्त जाते, आणि कोणताही आहार ते भरून काढू शकत नाही. शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नये. चप्पल-बूट आणि शौचालय हेही या अर्थाने रक्तवाढीचेच उपाय आहेत.

गरोदरपणाचा खर्च सर्वांत मोठा. बाळ, वार, आईचे वाढलेले रक्त आणि बाळंतपणातला रक्तस्राव धरून सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. साठा ३०० चा आणि गरज १,००० ची, हा फरक भाजी-भाकरीने भरून निघत नाही. बाळ आपला साठा आईकडून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत घेते आणि यकृतातल्या त्या साठ्यावर जवळजवळ सहा महिने काढते. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा साठा खूप आधी संपतो. म्हणून जन्मल्यावर नाळ घाईने कापू नये. एक ते तीन मिनिटे थांबल्यास वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि त्याचा साठा वाढतो. बाळंतपण दवाखान्यात असेल तर आईने किंवा घरच्यांनी हे आधीच बोलून ठेवावे.

सरकारी कार्यक्रमात गोळ्यांचे रंग वयानुसार आहेत. गरोदर व स्तनदा मातांना लाल गोळी रोज: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, गरोदरपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी आठवड्यातून एकदा, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर औषध. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ ते १०.९ च्या दरम्यान असेल तर रोज दोन गोळ्या देतात. त्याखाली गेल्यास शिरेतून लोह देणे किंवा रक्त चढवणे याचा निर्णय रुग्णालयात होतो.

गोळ्या किती काळ घ्यायच्या, याचे गणित सोपे आहे. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात ३.३ लिटरच्या आसपास रक्त असते. हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचे तर जवळपास १३० ग्रॅम नवे हिमोग्लोबिन घडवावे लागते आणि दर ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम प्रमाणे त्यासाठी सुमारे ४५० मिलिग्रॅम लोह हवे. ६० मिलिग्रॅमच्या गोळीतून लोहकमतरता असलेल्या शरीरात ६ ते ९ मिलिग्रॅम शोषले जाते. म्हणजे नुसते हिमोग्लोबिन भरायला दोन महिने, आणि तेही दुसरीकडून गळती नसेल तर. साठा यानंतर भरू लागतो, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावर शोषणही मंदावते. म्हणून अहवाल चांगला आला तरी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवाव्यात. ‘आता बरे वाटते’ म्हणून महिन्याभरात गोळ्या सोडणाऱ्या बाईचे रक्त पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच उतरलेले निघते, याचे कारण गोळी निकामी असणे हे नाही. साठा भरलाच नव्हता. उलट, महिनाभर नियमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेसुद्धा वाढले नाही, तर कारण शोधायला डॉक्टरांकडे जावे.

गोळी चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. मध्ये किमान दोन तास असावेत. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या मिळतात, त्यामुळे कॅल्शियम जेवणासोबत सकाळ-दुपारी आणि लोह रात्री, अशी वाटणी बरी पडते. उपाशीपोटी शोषण जास्त होते, पण मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्यावी. गोळी सोडून देण्यापेक्षा थोडे कमी शोषण परवडते. शौचाला काळी होणे निर्धोक आहे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये; मोठी मात्रा पोटात गेली की दिवसभर हेप्सिडिन चढते आणि जादा गोळी बरीचशी वाया जाते. याच कारणाने गरोदर नसलेल्या, सौम्य कमतरतेच्या स्त्रियांना काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. गरोदरपणात मात्र सांगितलेला रोजचा क्रम मोडू नये. गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत: १० किलोच्या मुलाने अशा दहा गोळ्या गिळल्या तर जिवाला धोका असतो, आणि तेव्हा लक्षणांची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

दिवाळीनंतर जिल्ह्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. गोळ्यांचा खंड बहुधा इथेच पडतो. निघण्यापूर्वी आशाताईंकडून पुरतील इतक्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावे. तिकडच्या दवाखान्यातही त्या कार्डावर गोळ्या आणि तपासणी मागता येते.

आहाराचे काम साठा टिकवण्याचे. धान्य-डाळी-पाल्यातले लोह २ ते २० टक्के शोषले जाते. मांस, मासे, कलेजी यांतले हीम रूपातले लोह त्याहून पुष्कळ अधिक शोषले जाते, आणि सोबतच्या भाजी-भाकरीतले लोहही ते ओढून नेते. म्हणून उडदाच्या डाळीत टाकलेली मूठभर सुकी मासळी किंवा आठवड्यातून एकदा कोंबडीची कलेजी घरातल्या बायकांच्या आणि मुलांच्या ताटात आधी पडावी. शाकाहारी घरात आंबटाचा आधार घ्यावा. दादर ज्वारीच्या भाकरीतले लोह धान्यातल्या फायटेट या घटकाने बांधलेले असते. लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांतले क जीवनसत्त्व ते सोडवते. सातपुड्यातल्या घरांत आमचूर मुबलक असतो; उन्हात वाळताना त्यातले क जीवनसत्त्व बरेच जाते, तरी त्यातली आम्ले लोहाच्या शोषणाला मदत करतात. कडधान्याला मोड आणणे आणि पीठ आंबवणे याने फायटेट कमी होते. लोखंडी कढईत शिजवलेल्या आंबट भाजीत कढईचे लोह थोडे उतरते. जेवणावर लगेच घेतलेला कोरा चहा मात्र या सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवतो. तासभर थांबून प्यावा. रेशनच्या तांदळात दिसणारे वेगळे दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून ते तयार केलेले असतात. निवडून टाकू नयेत.

नंदुरबारमध्ये लोकसंख्येच्या दोन-तृतीयांशाहून अधिक आदिवासी आहेत, आणि भिल्ल, पावरा, गावित, कोकणा अशा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. इथे लोहाचा विचार वेगळा करावा लागतो. सिकलसेलच्या रुग्णाची रक्तपेशी १० ते २० दिवसांतच मोडते. रक्त कमी असते, पण मोडलेल्या पेशींतले बरेचसे लोह शरीरातच राहते. अशा रुग्णाला केवळ हिमोग्लोबिन कमी म्हणून महिनोन्‌महिने लोह देणे चूक आहे. त्याला रोज फॉलिक आम्ल लागते. लोह फक्त फेरिटिन कमी निघाल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्याने. वाहकाची गोष्ट निराळी. ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळाले आहे, त्याचे हिमोग्लोबिन त्यामुळे सहसा घटत नाही. त्याचे रक्त कमी असेल तर कारण इतरांसारखेच असते आणि गोळ्याही इतरांसारख्याच घ्यायच्या. ‘सिकल आहे’ एवढे ऐकून वाहक मुलीची लोहगोळी बंद करणे हा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डावर रुग्ण लिहिले आहे की वाहक, हे घरातल्या वाचता येणाऱ्याने नीट पाहावे आणि लोहाची गोळी देणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवावे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. ज्यांची राहिली असेल त्यांनी ती विवाहापूर्वी आणि गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी.

सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते, तेव्हा साठा उलट्या बाजूने बिघडतो. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, आणि बाहेर जायला वाट नाही. फेरिटिनचे गोल भरतात, हिमोसिडेरिनचे ढीग साचतात, मग लोह यकृत, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींत उतरून त्यांची हानी करू लागते. मुलांची वाढ खुंटते, यकृत कडक होते, हृदय कमजोर पडते. त्यामुळे अशा रुग्णाने चढवलेल्या प्रत्येक पिशवीची तारीख एका वहीत लिहून ठेवावी आणि ती वही प्रत्येक दवाखान्यात दाखवावी. फेरिटिन दर तीन महिन्यांनी तपासावे. ते निरोगी दिवसांत पुन्हा पुन्हा १,००० मायक्रोग्रॅमच्या वर येत असेल, तर लोह बांधून लघवी-शौचावाटे बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्ससारखी औषधे सुरू करण्याची वेळ आलेली असते. ती औषधे रोज घ्यावी लागतात, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, आणि ती चालू असताना मूत्रपिंड व यकृताची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी लागते.